आउटबोर्ड धूर ओकतंय? आधी मिश्रण बघा
होडीच्या मागे लावलेलं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन (पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं) धूर ओकत असेल, हळू चालवताना बंद पडत असेल, तर आधी स्पार्क प्लग काढून बघा. टोक काळं, ओलं, तेलकट दिसलं तर बहुतेक ऑइल जास्त झालंय. जुनं मिश्रण डब्यात काढून घ्या, पाण्यात अजिबात सोडू नका. इंजिनाच्या पुस्तिकेत ५०:१ दिलं असेल तर १० लिटर पेट्रोलला २०० मिली ऑइल, तेही मापानेच, अंदाजपंचे नको. आधी थोडं पेट्रोल, त्यात सगळं ऑइल, डबा चांगला हलवा, मग उरलेलं पेट्रोल. ऑइल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचंच हवं, म्हणजे होडीच्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठी बनवलेलं. धूर कमी व्हावा म्हणून ठरलेल्या मापापेक्षा ऑइल कमी मात्र कधीच करू नका, पिस्टन जाम होतो.