ओट्याखालची सरकती फळी : आधी दार उघडा, मग मोजा

सांगलीत घरच्या ओट्याखालच्या कपाटात मी सरकती फळी बसवली, आणि ती चार बोटं बाहेर येऊन दाराच्या कडेला अडकली. मी कपाट मोजलं होतं, पण दार लावायच्या आधी. अख्खी फळी खोलून पुन्हा कापावी लागली. तुमचं सामान वाया जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

टेप, पेन्सिल, गुण्या (काटकोन तपासायला), ड्रिल. पुढे.

प्लाय १८ मिमीचा, बीडब्ल्यूआर म्हणजे पाण्याला टिकणारा घ्या. साधा कमर्शियल ओट्याखाली नको म्हणजे नको. २०१९ च्या महापुरात ज्यांच्या तळमजल्यात कृष्णेचं पाणी शिरलं, त्यांना फुगलेला प्लाय कसा दिसतो हे सांगावं लागत नाही. सिंकचा पाइप गळला की तेच होतं, सावकाश.

चॅनल, म्हणजे फळी ज्यावर सरकते ती लोखंडी पट्टी, टेलिस्कोपिक, बॉल बेअरिंगचं, ४५ मिमी उंचीचं. कपाट आतून २२ इंच खोल असेल तर २० इंची घ्या, मागे पाइप असेल तर आणखी लहान. वजनाचा आकडा खोक्यावर वाचूनच घ्या. ज्वारीचा आणि गव्हाचा डबा शेजारी ठेवले की तीस किलो सहज होतात.

आता मोजमाप. दार बसवलेलं असू द्या, ते काटकोनात उघडा आणि मगच टेप लावा. कप बिजागरीचं (दाराच्या आतल्या गोल खाचेत बसते ती) दार उघडलं तरी पूर्ण बाजूला जात नाही, त्याची कड कपाटाच्या तोंडात आत राहते. बिजागरीचा हातही आत असतो. दार बंद असताना किंवा काढलेलं असताना यातलं काहीच दिसत नाही. म्हणून ज्या बाजूला बिजागरी, त्या बाजूला चॅनलमागे प्लायची पट्टी ठोका. दोन दारं असतील तर दोन्हीकडे. १८ मिमीची पट्टी बहुधा पुरते, तरी उघड्या दाराची कड किती आत येते ते स्वतः मोजा.

हिशोब असा : आतली रुंदी ५६० मिमी. दोन पट्ट्यांचे ३६ गेले. चॅनलचे एका बाजूला चार सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे दोन्ही मिळून २६ धरा. उरले ४९८. ही फळीची बाहेरून बाहेर रुंदी, फळीच्या स्वतःच्या बाजूच्या पट्ट्यांसकट (चॅनलमागच्या नव्हेत) आणि सनमायका चिकटवल्यावरची. सनमायकाची जाडी विसरलात तर फळी घासत चालेल. रुंदी पुढे, मध्ये आणि मागे मोजा, सगळ्यांत कमी येईल ती धरा. आणि दार? उघडं.

स्क्रू पाच सुती. पाऊण इंची १८ मिमीच्या प्लायमधून पलीकडे निघतो.

चॅनलची काळी पट्टी दाबून दोन भाग सुटे करा. कपाटातले भाग लेव्हल लावून समोरासमोर एका उंचीवर बसवा. आधी लांबट भोकात स्क्रू, फळी नीट सरकली की गोल भोकात. करवतीचा भुसा बेअरिंगमध्ये जाऊ देऊ नका. फळीला पुढे दोन इंचांची कड, नाहीतर डबे घसरतात. प्लायच्या उघड्या कडांना एज बँडची पट्टी लावा.

डबे भरायच्या आधी दार काटकोनात धरून फळी पूर्ण बाहेर ओढा, आत ढकला, पुन्हा ओढा. दार काटकोनातच धरा, ताणून मागे नेऊन नाही. घरातलं कुणी घाईत डबा काढताना ते तेवढंच उघडणार आहे.