मुलांच्या बोलण्यातील उपवाक्ये कशी मोजावीत

मूल चार वर्षांचे होईपर्यंत त्याची भाषा किती वाढली, हे वाक्याच्या सरासरी लांबीवरून बऱ्यापैकी कळते. बालभाषेचे अभ्यासक रॉजर ब्राऊन यांच्या 1973 च्या ग्रंथाने रूढ केलेले ते माप आजही वापरात आहे. त्यानंतर मात्र लांबी फसवू लागते, कारण ‘आणि मंग, आणि मंग’ करत लांबलेले बोलणे आणि एका वाक्यात दुसरे वाक्य गुंफून केलेले बोलणे यांतला फरक तिला दिसत नाही. तो पाहायचा असेल तर उपवाक्येच मोजावी लागतात. सातारा-सांगली भागातील शाळांत मुलांच्या भाषेवर काम करणारे शिक्षक, विशेष शिक्षक आणि स्पीच थेरपिस्ट यांना ही मोजणी कागद-पेन्सिलीनेही करता येते. मात्र इंग्रजीसाठी बेतलेले नियम मराठीवर जसेच्या तसे लावले, तर आपल्या मुलांचे बरेचसे कसब हिशेबातून निसटते, हे आधीच ध्यानात ठेवावे.

मोजणीचे एकक म्हणजे एक मुख्य वाक्य आणि त्याला जोडलेली सगळी गौण उपवाक्ये. केलॉग हंट यांनी 1965 मध्ये शाळकरी मुलांच्या लेखनासाठी हे एकक मांडले. बोलण्यात मात्र ‘कुणी दिलं?’ या प्रश्नाला ‘आज्जीनं’ एवढेच उत्तर येते आणि तेही पुरेसे असते, म्हणून अशा उत्तरांनाही जागा देणारे एकक वॉल्टर लोबन यांनी वापरले. बोललेल्या नमुन्यासाठी तेच घ्यावे. नमुन्यातील एकूण उपवाक्यांना (मुख्य वाक्येही त्यांत धरून) एकूण एककांनी भागले की जी संख्या येते, तिला गौणत्वाचा निर्देशांक म्हणता येईल. सगळी वाक्ये साधी असतील तर तो 1 येतो.

नमुना कसा मिळवला यावर पुढचे सारे अवलंबून असते. ‘तुला शाळा आवडते का?’ असे विचारले की ‘हो’ एवढेच हाती लागते. त्याऐवजी एखादी गोष्ट समजावून सांगायला लावावी, कारण खेळाचे नियम सांगताना मुले गप्पांपेक्षा अधिक गुंतागुंतीची वाक्ये वापरतात, असे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या अभ्यासांत दिसले आहे. ‘मला लगोरी येत नाही, पहिल्यापासून सांग बघू’ ही सुरुवात चांगली चालते. बेंदराला बैलांचे काय काय करतात, हा विषय सांगली-साताऱ्याच्या खेड्यांत उत्तम आहे, आणि लोणंद-फलटण बाजूच्या मुलांना पालखी आली की गावात काय होते, हे विचारावे. पालकांची आणि मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्डिंग करावे, पंखा बंद ठेवावा आणि पत्र्याच्या खोलीत पावसाच्या वेळी बसू नये. स्पष्ट ऐकू येणारी किमान 50 एकके मिळेपर्यंत थांबू नये.

उतरवून घेताना मुलाचे बोलणे प्रमाण मराठीत बदलू नये. ‘गेल्तो’, ‘हाय’, ‘त्यो’, ‘जवा’, ‘तवा’ जसे ऐकू आले तसे लिहावे. ‘गेल्तो’ हे ‘गेलो होतो’इतकेच पूर्ण क्रियापद आहे आणि ‘जवा-तवा’ची जोडी ‘जेव्हा-तेव्हा’इतकीच गुंतागुंतीची आहे. बोलीबद्दल मुलाचा एकही गुण कमी होता कामा नये. अडखळणे, एकच शब्द पुन्हा म्हणणे आणि अर्ध्यावर सोडून नव्याने सुरू केलेले वाक्य कंसात टाकावे आणि मोजणीतून वगळावे.

आता मुख्य अडचण. शालेय व्याकरणात एकच उद्देश्य आणि एकच विधेय असलेले वाक्य केवलवाक्य असते, त्यामुळे ‘बॉल मारून लगोरी पाडतो’ हे केवलवाक्यच ठरते. पण या वाक्यात दोन घटना आहेत आणि एक दुसरीच्या आधारावर उभी आहे. मराठी बोलणारे मूल बरीचशी गुंफण ‘-ऊन’, ‘-ताना’, ‘-ल्यावर’, ‘-ल्यामुळे’ अशा धातुसाधितांनीच, म्हणजे क्रियापदापासून बनलेल्या अपूर्ण रूपांनीच, करते. ती सोडून दिली तर उरते ते ‘की’, ‘जर’, ‘जो’ एवढेच, आणि मग चांगले बोलणारे मूलही मागे पडल्यासारखे भासते. म्हणून धातुसाधित उपवाक्ये मोजावीत, पण स्वतंत्र रकान्यात. त्यालाही कारण आहे: ‘उठून, आंघोळ करून, जेवून शाळेला जातो’ अशी साखळी लहान मुलेही सहज लावतात, आणि ती पूर्ण क्रियापदाच्या उपवाक्यांत मिसळली तर निर्देशांक उगाच फुगतो.

प्रत्येक ‘-ऊन’ हे उपवाक्य नसते. ‘लगोरी पडून गेली’ हे संयुक्त क्रियापद, तर ‘तो जेवून गेला’ यात दोन क्रिया आहेत. मधे ‘मग’ घालून पाहावे: ‘जेवून मग गेला’ चालते, ‘पडून मग गेली’ म्हटले तर अर्थ बिघडतो. ‘आम्ही सगळे मिळून’ मधला ‘मिळून’ आता क्रियाविशेषण झाला आहे, तो सोडावा. ‘खेळायला गेला’ यात हेतूचे उपवाक्य आहे, ‘पळाय लागला’ यात नाही. ‘फुटलेली पाटी’ हे निव्वळ विशेषण मानावे. ‘आईनं काल आणलेली पाटी’ मात्र मोजावी, कारण तिथे कर्ता आणि काळ दोन्ही सोबत आले आहेत. आपल्या भागात ‘पडली की’ऐवजी ‘पडली का’ म्हणतात. तो प्रश्न समजून वाक्य तोडू नये. ‘आई म्हणली, लवकर ये’ यात आईच्या बोलण्यातले पहिले वाक्य गौण उपवाक्य धरावे आणि त्यापुढची वाक्ये नवी एकके करावीत.

‘आणि’, ‘पण’, ‘मग’ यांनी जोडलेली मुख्य वाक्ये वेगळी एकके धरतात. इंग्रजीत दुसऱ्या वाक्याचा कर्ता गाळलेला असला की ते आधीच्याच एककात ठेवण्याची पद्धत आहे. मराठीत ती लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आपल्याकडे कर्ता एरवीही गाळला जातो आणि क्रियापदाच्या रूपावरून तो बहुधा कळतो.

सात-आठ वर्षांचे मूल असे सांगते असे धरू: ‘दोन गट पाडायचं. मंग एक जण बॉल मारून लगोरी पाडतो. लगोरी पडली का सगळी पळत्यात. ज्याच्याकडं बॉल हाय त्यो दुसऱ्याला मारतो. ठिकऱ्या रचताना बॉल लागला तर आउट. ठिकऱ्या रचल्या का लगोरी म्हणून वरडायचं आणि आपला गट जिंकला.’ ‘आणि’पाशी तोडल्यावर एकके 7 होतात. ‘पाडायचं’ आणि ‘वरडायचं’ इथे वाक्य पूर्ण करतात, म्हणून ती मुख्य क्रियापदे धरली. ‘आउट’ला क्रियापद नसले तरी ते मुख्य वाक्यच आहे, जसे ‘हे माझं घर’ असते. ‘लगोरी म्हणून’ हा एका शब्दाचा पुकारा असल्याने सोडला. उपवाक्ये अनुक्रमे 1, 2, 2, 2, 3, 2, 1, म्हणजे 13, आणि निर्देशांक 1.86. ‘मारून’ आणि ‘रचताना’ वगळले तर 11 उपवाक्ये उरतात आणि निर्देशांक 1.57 वर येतो. सात एककांचा हा तुकडा रीत दाखवण्यापुरताच आहे.

अहवालात दोन्ही आकडे लिहावेत आणि शेजारी गौण उपवाक्यांचे प्रकारही नोंदवावेत. एखाद्या नमुन्यात ‘तर’ आणि ‘का’ मुबलक आहेत, पण ‘जो-तो’ एकदाही नाही, अशी नोंद पुढचा सराव ठरवताना निर्देशांकाहून जास्त उपयोगी पडते. जत तालुक्यात घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांचा नमुना दोन्ही भाषांत घ्यावा. कन्नडमध्येही क्रियांची साखळी धातुसाधितांनीच लावतात, त्यामुळे तिथेही हा स्वतंत्र रकाना हवाच.

घेतलेले निर्णय मोजणीपूर्वीच एका वहीत लिहून ठेवावेत आणि साधारण पाचवा हिस्सा नमुने दुसऱ्या व्यक्तीने, पहिली मोजणी न पाहता, त्याच वहीवरून मोजावेत. दोघांचे जिथे जमणार नाही तिथे बहुतेक वेळा नियमच अपुरा असतो. तो सुधारून आधीचे नमुनेही पुन्हा मोजावेत. इंग्रजी मुलांच्या तक्त्याशी या आकड्यांची तुलना करू नये. तुलना त्याच परिसरातील त्याच वयाच्या मुलांशी किंवा मुलाच्या स्वतःच्या मागच्या नमुन्याशी करावी, आणि त्यासाठी दोन्ही वेळी विषय सारख्याच प्रकारचा आणि एककांची संख्या जवळपास तेवढीच ठेवावी. पहिल्या वेळी लगोरी आणि दुसऱ्या वेळी नुसत्या गप्पा घेतल्या, तर आकड्यातला फरक मुलाचा की विषयाचा, हे ठरवता येत नाही.