अंग दुखतंय म्हणून दिसेल तो मसाज घेताय? या चुका टाळा

मी म्हापशाची, रोज स्कूटरवरून पणजीला ये-जा, त्यामुळे पाठ धरणं मला नवीन नाही. दोन वर्षांपूर्वी कमरेत उसण भरली आणि त्याच संध्याकाळी मी कळंगुटला एका ठिकाणी जाऊन मेन्यूकार्डावर सगळ्यात महाग होता तो डीप टिश्यू घेतला. जेवढं दुखेल तेवढं मोकळं होईल असं वाटलं होतं, पण दुसऱ्या दिवशी उठून बसायलाही आईला बोलवावं लागलं.

माझं चुकलं ते इथेच. ताज्या उसणीवर, मुरगळलेल्या किंवा सुजलेल्या जागी जोर देऊन रगडायचंच नाही, आधी दोन-तीन दिवस आराम द्यायचा. डीप टिश्यू म्हणजे आतल्या स्नायूंवर हळूहळू दिलेला खोल दाब, तो महिनोन्‌महिने आखडलेल्या खांद्यांसाठी बरा. पहिल्यांदाच जाताय, नुसता थकवा आहे, तर स्वीडिश घ्या, त्यात तेल लावून लांब, हलका हात फिरवतात.

थाई मसाजला तर लोक तेल लावतील म्हणून जातात! तो बहुतेक ठिकाणी खाली गादीवर, सैल कपडे घालूनच करतात, हात-कोपर-गुडघ्यांनी दाबतात आणि अंग ताणतात. मणक्याची गादी सरकली असेल किंवा हाडं ठिसूळ असतील तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकडे वळू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे नीट वाचा. मुंबईहून रात्रभर बसमध्ये पाय लोंबकळत येतात आणि उतरल्यावर एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असते, मग म्हणतात जरा चोळून घेऊया. अजिबात नको. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते, म्हणून सरळ हॉस्पिटल गाठा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर तेही मसाज करणाऱ्याला आधी सांगायचं, लाजायचं नाही.

दिवसभर किनाऱ्यावर उन्हात भाजलेल्या कातडीवरही मसाज नको, आणि फेणी पिऊन तर नकोच.

अभ्यंग म्हणजे "आयुर्वेदिक स्पा" असं समजू नका, कोमट तेल, बहुधा तिळाचं, सगळ्या अंगाला एकसारखं जिरवतात, पण ताप किंवा अजीर्ण असताना करत नाहीत. पोटली (औषधी पुरचुंडीने शेकणं), कटीबस्ती (कमरेवर कोमट तेल साठवून ठेवणं) वगैरे वैद्यांना दाखवूनच घ्या, धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान 2022 च्या डिसेंबरात सुरू झालंय, पेडण्या-बार्देशवाल्यांना जवळ पडतं.

आणि टेबलावर झोपल्यावर गप्प राहू नका हो. दाब जास्त वाटला, मुंग्या आल्या, कळ पायात उतरली की लगेच "थांबा" म्हणा, पैसे भरलेत म्हणून सहन करत बसायचं नाही.