स्तनांत इम्प्लांट बसवल्यानंतर: घरचे दिवस आणि पुढची वर्षे

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन-चार दिवस छातीवर पाटा ठेवल्यासारखा ताण जाणवतो, आणि इम्प्लांट स्नायूखाली बसवले असेल तर अंथरुणातून उठताना हाताचा रेटा देताच कळ येते. त्यामुळे पाठीशी दोन-तीन उशा रचून अर्धवट बसत्या स्थितीत झोपावे आणि उठताना कोणाचा तरी आधार घ्यावा. वेदनाशामक गोळ्या दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता ठरवून दिलेल्या वेळी घ्याव्यात; घरात पडून असलेली अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये, कारण तिने रक्तस्राव वाढू शकतो. डोक्यावरून घालायचे कपडे काही दिवस बाजूला ठेवून समोरून बटणे असलेला गाऊन वापरावा. पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात थोडे चालत राहावे, म्हणजे पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो.

डॉक्टर ‘जड उचलू नका’ म्हणतात तेव्हा बहुतेकींच्या डोळ्यांसमोर गॅसचा सिलिंडर येतो. पण कणीक मळणे, भरलेला कुकर उतरवणे, चादर पिळणे आणि वरच्या फळीवरचा डबा काढणे ही कामेसुद्धा छातीच्या स्नायूचीच आहेत, आणि ती साधारण सहा आठवडे दुसऱ्या कोणावर तरी सोपवावी लागतात. बसून करायचे कार्यालयीन काम अनेकींना आठवड्याभरात जमते. दुचाकीची आणि खड्ड्यांच्या रस्त्याची घाई मात्र मुळीच करू नये.

सर्वांत जास्त धास्ती आरशासमोर वाटते. सुरुवातीला स्तन वर चढलेले, ताठ आणि अनोळखी दिसतात, डावा-उजवा एकसारखे दिसत नाहीत, स्तनाग्र बधिर असते किंवा मधूनच विजेसारखी चमक मारते. यांतले बरेचसे अपेक्षितच असते आणि इम्प्लांट खाली बसून आकार स्थिरावायला काही महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांच्या आत निकालाचे मोजमाप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बधिरपणा बहुधा हळूहळू ओसरतो, क्वचित कायमही राहतो.

घाबरायचे कधी, याची खूण वेगळी आहे. एकच बाजू काही तासांत फुगून कडक झाली, काळीनिळी पडली आणि गोळी घेऊनही दुखणे वाढतच गेले, तर आत रक्त साचत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रात्रीच सर्जनला फोन करावा. जखमेभोवती पसरणारी लाली, पू किंवा १०१ फॅरनहाइटच्या आसपासचा ताप दिसल्यास त्याच दिवशी दाखवावे. पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठावे.

इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचे एक पातळ आवरण तयार करते. ते आकसून स्तन कडक होऊ लागला, दुखू लागला किंवा त्याचा आकार बिघडला, तर उपचाराला पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. वर्षांनंतर एका बाजूला अचानक सूज आली, तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये: खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी लिम्फोमाचा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या कर्करोगाचा, एक दुर्मीळ प्रकार जोडला गेला आहे, आणि त्याच कारणाने अ‍ॅलर्गन कंपनीने २०१९ मध्ये अशा पृष्ठभागाचे आपले बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत घेतले. लवकर सापडल्यास इम्प्लांट व आवरण पूर्ण काढून तो बहुधा बरा होतो.

सिलिकॉनचे इम्प्लांट आतल्या आत फाटले तर बाहेरून अनेकदा काहीच कळत नाही. म्हणून औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी तपासणी सुचवली आहे. कंपनी, प्रकार, आकार आणि लॉट क्रमांक लिहिलेले इम्प्लांट कार्ड मागून घ्यावे, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, आणि मॅमोग्राफीला (स्तनांच्या एक्स-रे तपासणीला) गेल्यावर झगा बदलण्याआधीच तंत्रज्ञाला इम्प्लांट असल्याचे सांगावे, म्हणजे इम्प्लांट मागे सारून जास्तीचे फोटो घेता येतात.