स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवलेला मेल स्पॅममध्ये जातोय? या चुका टाळा

मेल स्पॅममध्ये गेला की बहुतेक जण आधी मजकूर बदलतात, मग विषय बदलतात, मग डीकिमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) किल्ली नव्याने बनवतात. यातलं काहीही करण्याआधी पोचलेला मेल उघडा. जीमेलमध्ये तीन टिंबांच्या मेनूतून 'शो ओरिजिनल' निवडा आणि एसपीएफ (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरने पाठवावा याची यादी), डीकिम, डीमार्क (हे दोन्ही 'फ्रॉम'च्या डोमेनशी जुळले नाहीत तर मेलचं काय करायचं याचं धोरण) या तिन्हींपुढे 'पास' लिहिलंय का ते बघा. मेल पोचलाच नसेल तर लॉग वाचा. नाकारणारा सर्व्हर सहसा कारणही कळवतो. ते पूर्ण वाचल्याशिवाय एकही सेटिंग हलवू नका.

पीटीआर चुकीच्या जागी टाकणं

पीटीआर म्हणजे आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद. आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये (नावांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेत) ती टाकून काही होत नाही. ती नोंद आयपी पत्ता देणाऱ्याच्या ताब्यात असते. व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) देणाऱ्या कंपनीच्या पॅनेलमध्ये 'रिव्हर्स डीएनएस' शोधा, नसेल तर त्यांना तिकीट टाका. आयपीवरून जे नाव मिळतं, त्या नावावरून परत तोच आयपी मिळाला पाहिजे, आणि पोस्टफिक्सने (मेल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरने) हेलोमध्येही, म्हणजे जोडणी करताना दिलेल्या ओळखीतही, तेच नाव सांगितलं पाहिजे.

एवढं करूनही खूप जण आयपीव्ही६ वर अडकतात. नेहमीचा प्रसंग असा: डेबियनवर पोस्टफिक्स, आयपीव्ही४ चा पीटीआर बरोबर, डीकिम पास. तरी जीमेलला पाठवलेले काही मेल पोचतात, काही ५५० चा (नकाराचा) कोड घेऊन परत येतात. एकाच माणसाला सकाळी पाठवलेला मेल जातो, दुपारचा परत येतो. मग डीकिमवर संशय, तीनदा नवी किल्ली, शेवटी नवा आयपी. दोन दिवस जातात आणि अडचण तिथेच राहते. उत्तर मात्र लॉगमध्ये पहिल्यापासून असतं. 'रिले' शब्दापुढच्या चौकटी कंसातला पत्ता बघा. पोचलेल्या मेलांपुढे टिंबांचा पत्ता दिसतो, परत आलेल्यांपुढे विसर्गचिन्हांचा लांबलचक पत्ता, म्हणजे आयपीव्ही६. जीमेलचे सर्व्हर दोन्हींवर मेल घेतात आणि पोस्टफिक्स मूळ सेटिंगमध्ये दोन्हींपैकी कोणताही निवडतं. व्हीपीएसबरोबर आयपीव्ही६ न मागता मिळालेला असतो, त्याला पीटीआर नसतो आणि एसपीएफमध्येही त्याचा उल्लेख नसतो.

त्या पत्त्यालाही पीटीआर लावा, त्याच नावाची एएएए नोंद (नावावरून आयपीव्ही६ पत्ता सांगणारी) करा आणि एसपीएफमध्ये 'आयपी६' घाला. कंपनी आयपीव्ही६ ला पीटीआर देत नसेल तर पोस्टफिक्सच्या 'इनेट प्रोटोकॉल्स' या सेटिंगमध्ये फक्त आयपीव्ही४ ठेवा. ही पळवाट आहे असं म्हणणारे भेटतील, पण लहान सर्व्हरसाठी अर्धवट आयपीव्ही६ पेक्षा ती केव्हाही बरी. हा बदल नुसत्या रीलोडने लागू होत नाही, पोस्टफिक्स थांबवून पुन्हा सुरू करावं लागतं.

संपर्क फॉर्मवरून पाहुण्याच्या नावाने मेल पाठवणं

ही चूक अजूनही रोज दिसते आणि तिने सर्व्हरचं नाव खरोखर खराब होतं. वेबसाइटच्या फॉर्ममध्ये कुणी आपला याहूचा पत्ता भरतो आणि फॉर्म तोच पत्ता 'फ्रॉम'मध्ये घालून मेल पाठवतो. याहूने २०१४ पासून डीमार्कचं धोरण 'रिजेक्ट' (नापास मेल नाकारा) ठेवलंय. तुमचा सर्व्हर याहूचा नाही, त्यामुळे डीमार्क नापास होणारच. 'फ्रॉम'मध्ये कायम आपल्याच डोमेनचा पत्ता ठेवा आणि पाहुण्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये घाला.

इथेच आणखी एक गैरसमज असतो. एसपीएफ 'फ्रॉम' तपासत नाही, पाकिटावरचा पत्ता म्हणजे 'रिटर्न-पाथ' तपासतं. पीएचपीमधून गेलेल्या मेलच्या पाकिटावर बऱ्याचदा व्हीपीएस कंपनीने दिलेलं होस्टनेम असतं. एसपीएफ पास दिसतं, पण 'फ्रॉम'च्या डोमेनशी ते जुळत नाही, म्हणून डीमार्कला त्याचा उपयोग होत नाही. अशा वेळी 'फ्रॉम'च्याच डोमेनची डीकिम सही मेलला वाचवते.

झटपट बघण्यासारख्या चुका

एका डोमेनला दोन एसपीएफ नोंदी असल्या तर दोन्ही निकामी. एसपीएफमध्ये डीएनएसचा शोध घ्यायला लावणारे शब्द दहापेक्षा जास्त नकोत. 'आयपी४' आणि 'आयपी६' त्यात मोजले जात नाहीत, म्हणून आपल्या सर्व्हरचा आयपी थेटच लिहावा.

२०४८ बिटांची डीकिम किल्ली २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही. ती अवतरणचिन्हांतल्या दोन तुकड्यांत द्या आणि ओपनडीकिम-टेस्टकी चालवून बघा. 'की नॉट सिक्युअर' दिसलं तर घाबरू नका, त्याचा अर्थ डीएनएसएसईसी (डीएनएस नोंदींवरची सुरक्षेची सही) नाही एवढाच.

मराठी विषय असेल तर तो हेडरमध्ये कच्च्या देवनागरीत सोडू नका. यूटीएफ-८ चं बेस६४ (साध्या इंग्रजी अक्षर-अंकांतलं रूप) करूनच पाठवा. हाताने लिहिलेल्या स्क्रिप्ट हे हमखास विसरतात.

घरच्या ब्रॉडबँडवरून थेट मेल पाठवू नका. असे पत्ते बहुधा स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत, म्हणजे थेट मेल पाठवू नये अशा पत्त्यांच्या यादीत असतात.

उतावीळपणा

नव्या आयपीवरून पहिल्याच दिवशी दोन हजार सभासदांना वार्तापत्र पाठवणाऱ्यांना कोणतीही नोंद वाचवू शकत नाही. पहिल्या दिवशी पन्नास, तेही नेहमी उत्तर देणाऱ्यांना, मग दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट. 'टेस्ट' एवढाच विषय आणि रिकामा मजकूर असलेल्या मेलने चाचणी करू नका, तो एरवीही स्पॅमसारखाच दिसतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल स्पॅम-तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगतं. शंभर जणांच्या यादीत एकाने बटण दाबलं तरी ते ओलांडलं जातं.

डीमार्कचं धोरण आधी 'नन' (काही करू नका, फक्त कळवा) ठेवा आणि अहवाल येतील असा पत्ता द्या. तीन-चार आठवडे ते वाचा. आपलाच विसरलेला एखादा सर्व्हर किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर त्यात सापडतं. ते दुरुस्त झाल्यावरच 'क्वारंटाइन' (नापास मेल स्पॅममध्ये टाका) करा.