घरातली दोन मांजरं सतत भांडतायत? मग या चुका टाळा

"भांडू दे गं, दोघं आपापसात मिटवतील" असं मला सगळ्यांनीच सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं, त्यामुळे आमच्या चिंगीने ३ महिने जवळजवळ पलंगाखालीच काढले. चिंगी तेव्हा ५ वर्षांची, घरात एकटीच वाढलेली, आणि बंड्या ४ महिन्यांचा बोका, दिसेल त्याच्या अंगावर उडी मारणारा. आज दोघं एकाच खोलीत झोपतात, पण तिथपर्यंत पोचताना काय काय चुकलं ते सगळं लिहितेय, कारण ह्याच चुका आता ओळखीच्या घरांमध्ये दिसतात आणि मांजरांचे हाल बघवत नाहीत.

"आपोआप जमेल" म्हणून सोडून देणं

सगळ्यात मोठी चूक हीच. कुत्र्यांमध्ये एक जण नमतं घेतो, दुसरा शांत होतो, भांडण मिटवायच्या त्यांच्या खुणा ठरलेल्या असतात. मांजरात तसं फार काही नाहीच. आपलं मांजर ज्या आफ्रिकन रानमांजरापासून आलं ते एकट्याने शिकार करणारं, उंदराएवढी शिकार, त्यात वाटून काय खाणार, त्यामुळे दुसऱ्या मांजराशी पटलं नाही की त्याचा उपाय एकच, लांब राहायचं. रानात ते जमतं, पण चार भिंतींत लांब जाणार कुठे? मग प्रत्येक मारामारीनंतर जे हरलं ते शिकतं की हा दिसला की पळायचं, आणि जे जिंकलं ते शिकतं की पळणाऱ्याच्या मागे लागलं की मजा येते. ही सवय मुरली की सुटायला महिने लागतात, म्हणून २-३ वेळा खरी मारामारी झालेली दिसली की वाट बघू नका, दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा.

आरडाओरडा नाही म्हणजे भांडण नाही, असं समजणं

बंड्या पॅसेजमध्ये आडवा पडलेला असायचा आणि आम्ही म्हणायचो बघ किती गोड लोळतोय. एक दिवस मी जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होते म्हणून सगळं जवळून दिसलं. चिंगी बेडरूमच्या दारात आली, एक पाऊल बाहेर टाकलं आणि थांबली. बंड्याने मानही वळवली नाही, नुसते डोळे तिच्यावर रोखले, पापणी न लववता, आणि शेपटीचं टोक तेवढं जमिनीवर टप टप आपटायला लागलं. तिने पाऊल मागे घेतलं, बसून घाईघाईने खांदा चाटला आणि परत पलंगाखाली गेली. ना फिस्कारणं, ना गुरगुरणं, सगळं मिळून १० सेकंद असेल. आणि लिटर बॉक्स, म्हणजे मांजराची शी-सूची वाळूची पेटी, होता पॅसेजच्या पलीकडे. आम्ही आठवडाभर म्हणत होतो की चिंगी रुसलीये, मुद्दाम गादीवर सू करते. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

तर हे असं बघायला शिका. दारात किंवा वाटेवर आडवं बसणं, एकटक बघणं, एक आलं की दुसऱ्याने उठून जाणं, घाईघाईत खाऊन पळणं, एखादं मांजर दिवसभर कपाटावरच असणं, पोट किंवा मांड्या चाटून चाटून केस जाणं, भिंतीवर मुताची पिचकारी मारणं. मांजर सूड म्हणून गादी खराब करत नाही. त्याला बॉक्सपर्यंत जायची भीती वाटते किंवा त्याला काहीतरी दुखतंय.

उलटही होतं, खेळाला भांडण समजून लोक घाबरतात. खेळात सहसा आवाज नसतो, नख्या आत असतात, कधी हा वर कधी तो वर, मध्येच थांबतात आणि परत येतात. खऱ्या भांडणात कान डोक्याला चिकटतात, अंगावरचे केस उभे राहतात, किंचाळणं असतं, केसांचे पुंजके पडतात आणि मागे लागणारं मांजर दरवेळी तेच असतं. शंका वाटली तर पुठ्ठा आडवा घालून त्यांना थोडा वेळ थांबवा आणि सोडल्यावर बघा, दबलेलं मांजर स्वतःहून परत गेलं तर खेळ होता, लपून बसलं तर नव्हता.

सगळं एकाच कोपऱ्यात ठेवणं

लिटर बॉक्सचा हिशेब सोपा आहे, मांजरं जितकी त्यापेक्षा एक जास्त, म्हणजे दोन मांजरांना ३. पण लोक तिन्ही बॉक्स एका ओळीत बाथरूममध्ये ठेवतात आणि म्हणतात फरक पडला नाही, कसा पडेल, मांजराच्या लेखी तो एकच बॉक्स आहे, आणि बाथरूमच्या दारात एक जण बसला की तिन्ही बंद. बॉक्स वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजराची जी लांबी असेल त्याच्या निदान दीडपट मोठा घ्या, झाकणवाला शक्यतो नको कारण आतल्याला बाहेर कोण दबा धरून बसलंय ते दिसत नाही, वाळू बिनवासाची घ्या आणि रोज साफ करा.

वाट्या शेजारी शेजारी ठेवून दोघं एकत्र जेवतायत असा फोटो सगळ्यांना आवडतो, मलाही आवडायचा, पण मांजर एकट्याने खाणारा प्राणी आहे, ती दोघं भूक लागलीये म्हणून एकमेकांना सहन करत असतात. वाट्या एकमेकांना दिसणार नाहीत अशा ठेवा. पाणीही दोन-तीन ठिकाणी. जमिनीवर जागा कमी असेल तर उंची वापरा, कपाटाच्या वर, भिंतीवरची फळी, खिडकीतला कट्टा, पण चढायला एक आणि उतरायला दुसरी वाट हवी, नाहीतर वर गेलेलं मांजर तिथेच अडकतं. पॅसेजमध्ये मी एक उंच स्टूल आणि त्याच्या पुढे पुस्तकांची लांब रॅक सरकवून ठेवली, चिंगी वरून जायला लागली आणि बंड्याचा पहारा तिथेच संपला.

नवीन मांजर आणून थेट हॉलमध्ये सोडणं

मी हेच केलं होतं. बास्केट उघडली आणि म्हटलं, चिंगी बघ कोण आलंय. चिंगीच्या बाजूने विचार करा, तिच्या घरात अचानक एक अनोळखी वास धावत सुटला.

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे पण तीच चालते. आणायच्या आधी किंवा आल्या आल्या नव्या मांजराची एफआयव्ही (प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) आणि एफईएलव्ही (मांजरातल्या ल्युकेमियाचा विषाणू) यांची टेस्ट करून घ्या, पहिला मुख्यतः चावण्यातून पसरतो आणि दुसरा एकमेकांना चाटण्यातूनसुद्धा. नव्याला एक वेगळी खोली द्या, त्यात त्याचं सगळं सामान, आणि दार बंद. निदान आठवडाभर तरी. ह्या काळात दोघांची ओळख फक्त वासाने करायची. एक स्वच्छ मोजा घ्या, एकाच्या गालांवर आणि हनुवटीखाली हलकेच फिरवा, तिथे वासाच्या ग्रंथी असतात, आणि तो मोजा दुसऱ्याच्या जागेजवळ नुसता टाकून ठेवा, नाकाला लावू नका. हुंगून पुढे गेलं तर उत्तम. मोज्याकडे बघूनच फिस्कारलं तर अजून वेळ झालेली नाही, उद्या परत. रोज थोडा वेळ खोल्यांची अदलाबदल करा म्हणजे दोघांना एकमेकांच्या जागा हुंगता येतील.

मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना खाणं द्या, सुरुवातीला दारापासून लांब, दोघं निवांत खातायत असं दिसलं की वाट्या रोज थोड्या थोड्या पुढे. दार किलकिलं करायची किंवा जाळी लावायची वेळ त्यानंतर येते, तिथेही खातानाच एकमेकांना दिसू द्या. आणि मग ५ मिनिटांची भेट, दोरीचं खेळणं हातात घेऊन, कुणीही ताठ व्हायच्या आत भेट संपवायची. कुठल्याही पायरीवर फिस्कारणं वाढलं तर एक पायरी मागे या. काही जोड्यांना २ आठवडे पुरतात, काहींना २ महिनेही कमी पडतात. माझं मत विचाराल तर, जुनं मांजर मोठं आणि एकटं राहिलेलं असेल तर कमी वेळात करायचा हट्टच धरू नका.

आधीच बिघडलेलं असेल तरी उपाय हाच, दोघांना पूर्ण वेगळं करून पहिल्यापासून सुरुवात, जणू काही कधी भेटलेच नाहीत. आम्ही तेच केलं.

डॉक्टरकडून आल्यावर लगेच एकत्र करणं

हे खूप जणांना माहीत नसतं. वर्षानुवर्षं एकत्र असलेली मांजरं, एकाला डॉक्टरकडे नेलं, परत आणलं आणि दुसरं त्याच्यावर तुटून पडलं. एकत्र राहणारी मांजरं अंग घासून घासून एकमेकांना एक सामायिक वास लावतात आणि ओळख मुख्यतः त्यावरच चालते. दवाखान्यातून आलेल्याला औषधाचा, स्पिरिटचा, दुसऱ्या प्राण्यांचा वास येतो, भूल दिली असेल तर चालही वेगळी असते. चिंगीचे दात काढून आणले तेव्हा बंड्याने अंग फुगवून तिला कोपऱ्यात घेतलं होतं. त्यानंतर मी आल्यावर एक रात्र वेगळ्या खोलीत ठेवते, घरातली वापरलेली चादर तिच्या अंगाखाली घालते आणि सकाळी दाराखालून दोघं शांतपणे हुंगायला लागली की मगच सोडते.

खिडकीबाहेरचं मांजर विसरणं

काहीच कारण नसताना भांडण झालं असं वाटत असेल तर खिडकीत जाऊन बघा. बाहेर एखादा बोका बसलेला असतो, आतल्याला त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, आणि तो राग शेजारी जे सापडेल त्याच्यावर निघतो. हे चढलेलं डोकं काही तास, कधी एखादा दिवससुद्धा उतरत नाही, तोवर त्याला उचलायला किंवा समजूत घालायला जाऊ नका, माणसालाही तो चावतो. अंधाऱ्या शांत खोलीत पाणी आणि बॉक्स ठेवून एकटं राहू द्या, आणि खिडकीच्या खालच्या भागाला धूसर फिल्म लावा.

मध्ये हात घालणं, ओरडणं, पाणी मारणं

मारामारीत हात कधीच घालू नका. मांजराचा दात बारीक आणि खोल जातो, वरून जखम टाचणीएवढी दिसते आणि आत पू होतो, चावलं तर साबण लावून धारेखाली भरपूर धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. पुठ्ठा, उशी, जाड चादर, काहीही मधे सरकवा किंवा जोरात टाळी वाजवा. आणि शिक्षा म्हणून पाण्याचा फवारा मारणं तर बंदच करा, मांजर त्यातून एवढंच शिकतं की हा दुसरा जवळ असला की काहीतरी वाईट होतं, म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने वैर वाढवताय.

भांडण मिटल्यावर दोघांचं अंग चाचपून बघा, विशेषतः चेहरा, पाय आणि शेपटीचं बूड. चावल्याची भोकं बंद होतात आणि २-३ दिवसांनी तिथे गळू येतं, मांजर गप्प होतं, खात नाही.

दुखणं आहे का हे न बघणं

गरीब स्वभावाचं मांजर अचानक चिडकं झालं तर आधी डॉक्टर. दात, सांधे, म्हाताऱ्या मांजरात थायरॉइड, ह्यातलं काहीही असू शकतं. नसबंदी झाली नसेल तर बाकीचे उपाय करून फारसा उपयोग नाही, आणि झाल्यावरही हार्मोन उतरायला काही आठवडे जातात. लहानपणापासूनची मित्रमंडळी २ ते ४ वर्षांची झाल्यावर भांडायला लागतात तेही खरं आहे, तेव्हा ती खऱ्या अर्थाने मोठी होतात आणि आपापली जागा मागायला लागतात.

एक गोष्ट मात्र अजिबात थांबू नये अशी, बोका सारखा बॉक्समध्ये बसतोय, जोर लावतोय, कण्हतोय आणि थेंबभरच सू होते किंवा होतच नाही, तर मूत्रमार्ग अडकलेला असू शकतो. तणावाने मूत्राशयाला सूज येणाऱ्या बोक्यांत हे होतं. सकाळपर्यंत वाट बघू नका, रात्री असेल तर रात्री न्या, एक-दोन दिवसांत जीव जातो.

मांजर शांत व्हावं म्हणून सुगंधी तेलांचे डिफ्यूजर लावणारेही भेटतात, ते लगेच काढा, ह्यातली बरीच तेलं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. मांजरांसाठीचे फेरोमोन डिफ्यूजर, म्हणजे मांजरं एकमेकांना खुणेसाठी सोडतात त्या वासाची नक्कल हवेत सोडणारे, मिळतात ते वेगळे, त्यांनी थोडी मदत होते, पण जागा आणि बॉक्स तसेच ठेवून नुसतं ते लावलं तर काही बदलत नाही. सू केलेली जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने धुवा, अमोनियावाला क्लीनर नको, त्याचा वास मांजराला मुतासारखाच वाटतो.

आणि काही जोड्या खरंच जमत नाहीत. सगळं मनापासून करून, डॉक्टरांनी गोळ्या देऊन पाहूनही नाही जमलं तर घराचे दोन भाग करून आळीपाळीने सोडणं किंवा एकासाठी चांगलं घर शोधणं, ह्यात त्या मांजराला टाकलं असं काही नाही.

जमलं म्हणजे एकमेकांच्या अंगावर झोपलीच पाहिजेत असंही धरू नका. आमची दोघं आजही तशी झोपत नाहीत, चिंगी कपाटावर आणि बंड्या खुर्चीवर. वाट्या अजून वेगळ्या खोल्यांत आहेत आणि बॉक्स ३ चे ३ तसेच आहेत. फक्त पॅसेजमधून ती आता खालून जाते, शेपूट वर करून.