शोध लागला की शोध लावला? डिस्कव्हरी कुठे वापरायचं

मराठीत सगळ्यालाच आपण शोध म्हणतो, त्यामुळे इंग्रजीत लिहिताना डिस्कव्हरी की इन्व्हेन्शन इथे हमखास गोंधळ होतो. साधी युक्ती आहे.

१. वाक्यातला 'शोध' काढा आणि तिथे 'सापडलं' किंवा 'बनवलं' टाकून बघा.
२. 'सापडलं' बसलं तर डिस्कव्हरी. १७८१ मध्ये हर्शेलला युरेनस दिसला, ग्रह आधीपासून होताच, म्हणून डिस्कव्हरी. पेनिसिलिनचं पण तसंच, १९२८ मध्ये फ्लेमिंगला ते बुरशीत आढळलं, त्याने बनवलं नव्हतं, इथे खूप जण चुकतात कारण औषध म्हटलं की बनवलेलंच वाटतं.
३. 'बनवलं' बसलं तर इन्व्हेन्शन, उदा. टेलिफोन.

आणि सर्व्हे, चौकशी किंवा प्रयोगातून जे हाती लागतं त्याला डिस्कव्हरीज म्हणू नका, ते फाइंडिंग्ज, म्हणजे आपले निष्कर्ष, आणि हा शब्द बहुतेक वेळा अनेकवचनातच येतो. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हाच शब्द शोभतो, डिस्कव्हरीज लिहिलं की उगाच मोठा दावा केल्यासारखं वाटतं.

फक्त एक सांभाळा, क्रियापद वापरताना डिस्कव्हरनंतर अबाउट लावायचं नाही, जे सापडलं ते थेट लिहायचं.